पांढुर्ण्याच्या उन्हातील ज्युनिपर

पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख संत्र्यांचा. छिंदवाडा जिल्ह्यातील या दोन तहसिली वेगळ्या काढून २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून या भागाची ओळख संत्र्याच्या बागांनी झालेली आहे. झाडाला पाणी केव्हा द्यावे, केव्हा तोडावे, कोणती फांदी ठेवावी आणि कोणती काढावी, हे ज्ञान येथील घरांत बापाकडून मुलाकडे चालत आलेले असते. म्हणूनच अशा घरातील कोणी हौसेने नागपूरहून ज्युनिपरचे एखादे बोन्साय आणले, तर ते आपल्या हाती सहज जगेल असे त्याला वाटावे, यात नवल नाही.

पण पुष्कळदा घडते ते निराळेच. हिवाळ्यात आणलेले झाड मार्चपर्यंत हिरवेगार दिसते आणि मे महिना उजाडताच वाळल्या गवतासारखे पिवळे पडते. पाणी तर रोज घातले होते, मग झाड असे अचानक कसे गेले, हा प्रश्न घरात पडतो. वास्तविक ते अचानक गेलेले नसते. ज्युनिपरच्या मुळांनी प्राण सोडल्यानंतरही त्याची पालवी कित्येक आठवडे हिरवी राहू शकते. संत्र्याचे झाड तहानले की पाने मिटून तसे सांगते. ज्युनिपर सांगत नाही. त्याचा रंग बदलतो तेव्हा उपायाची वेळ बहुधा टळून गेलेली असते. या झाडाची सारी निगा या एका गोष्टीभोवती फिरते.

ज्युनिपर हे सूचिपर्णी वर्गातील, थंड व मोकळ्या डोंगरांवरचे झाड. हिमालयात त्याच्या काही जाती आहेत आणि लडाखात त्याची पालवी धूप म्हणून जाळतात. जपानमध्ये शिकोकू बेटावरील इशिझुची पर्वताच्या कड्यांवरून, दोरखंडाला लोंबकळून, जुनी ज्युनिपरे खाली आणली जात. वारा आणि हिम यांनी त्या झाडांचे अर्धेअधिक खोड सोलवटून पांढरेफटक केलेले असे आणि उरलेल्या सालीच्या एका पट्ट्यावर वरची हिरवी पालवी जगत असे. बोन्सायकारांच्या डोळ्यांपुढे असते ते हेच रूप. ‘बोन’ म्हणजे उथळ पात्र आणि ‘साय’ म्हणजे लागवड. ही कला चीनमधून जपानात गेली व तेथे वाढली.

बोन्सायविषयी दोन गैरसमज फार रुजलेले आहेत. पहिला असा की, हे दिवाणखान्यात ठेवण्याचे झाड आहे. ज्युनिपरला ऊन, वारा आणि रात्रीचा गारवा लागतो. बंद खोलीत ते हळूहळू मरते. पाहुणे येणार असतील तर एखादा दिवस ते आत आणावे, एरव्ही त्याची जागा अंगणात किंवा गच्चीवर. दुसरा गैरसमज असा की, झाडाला उपाशी ठेवून खुजे केले जाते आणि म्हणून ही कला क्रूर आहे. झाड लहान राहते ते छाटणीमुळे आणि मर्यादित मुळांमुळे, उपासमारीमुळे नव्हे. उपाशी झाडाला वळणही देता येत नाही, कारण वाकवलेल्या फांदीची जखम भरून काढायला त्याच्या अंगी बळ असावे लागते.

आता संत्र्याच्या बागेतील सवयींकडे वळू. तेथे हिताच्या असलेल्या तीन गोष्टी येथे घातक ठरतात.

पहिली सवय ताणाची. मृग बहारासाठी उन्हाळ्यात आणि आंबिया बहारासाठी हिवाळ्याच्या आरंभी बागेचे पाणी तोडतात. झाड ताणावर बसते आणि पुन्हा पाणी मिळताच फुलावर येते. परंतु संत्र्याची मुळे जमिनीत दूरवर पसरलेली असतात. उथळ कुंडीतील मुळांना दोन-तीन इंच मातीपलीकडे आसराच नसतो. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे गेला की अशी कुंडी एका दुपारीतही कोरडी होऊ शकते. उलटपक्षी, घड्याळाकडे पाहून दोन्ही वेळ पाणी ओतत राहिल्यासही मुळे कुजतात. याला साधा उपाय बोटाचा. मातीत बोट अर्धा इंच खुपसून पाहावे. वरचा थर सुकू लागला असेल तर कुंडीच्या तळच्या भोकांतून पाणी वाहीपर्यंत झारीने द्यावे, ओल असेल तर देऊ नये. कडक उन्हाळ्यात ही परीक्षा सकाळ-संध्याकाळ करावी लागते.

दुसरी सवय मातीची. येथील काळी माती कपाशीला व संत्र्याला पोसते, पण कुंडीत ती ओली असता चिकट आणि वाळली असता दगडासारखी होते. मग पाणी कडेच्या भेगांतून निघून जाते आणि मधली मुळे कोरडीच राहतात. ज्युनिपरसाठी विटेचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे, जाड वाळू आणि थोडे कुजलेले पानखत असे भुसभुशीत मिश्रण घ्यावे. विटेची बारीक भुकटी चाळून टाकावी. दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलताना मुळांचा एक तृतीयांशापेक्षा अधिक भाग कापू नये आणि सगळी जुनी माती धुऊन काढू नये. हे काम थंडी ओसरू लागताना किंवा पहिला पाऊस स्थिरावल्यावर करावे. चैत्र-वैशाखात कधीही करू नये.

तिसरी सवय छाटणीची. संत्र्याची सल आणि पाणसोट काढताना हात मोकळा चालतो, कारण उघड्या फांदीवरही नवे धुमारे फुटतात. ज्युनिपरच्या पालवी नसलेल्या जुन्या फांदीला मात्र सहसा फूट येत नाही. ज्या फांदीवरील सारा हिरवा भाग कापला, ती फांदी गेली असे समजावे. सगळे शेंडे नखाने खुडण्याची रीतही झाडाला दुबळे करते. आकाराबाहेर गेलेला कोंब तेवढा त्याच्या सांध्याशी कात्रीने कापावा. छाटणी अति झाली की खवल्यांसारख्या मऊ पालवीऐवजी टोचरी, सुईसारखी पालवी येऊ लागते. ती झाडाने केलेली तक्रारच होय.

झाडाला रूप देण्याचे काम याच्या पुढचे. प्रथम झाड सर्व बाजूंनी पाहून त्याचा दर्शनी भाग ठरवावा: बुंधा जेथून रुंद व मुळे पसरलेली दिसतात तो. नंतर नको त्या फांद्या निवडाव्यात. वळण देण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची तार फांदीच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश घ्यावी आणि तिरप्या, सारख्या वेढ्यांनी गुंडाळावी. फांदी वाकवताना दोन्ही अंगठे आतून टेकवून हळूहळू दाब द्यावा. वळण पक्के होण्यास कित्येक महिने लागतात, पण तार सालीत रुतू लागताच ती तुकडे करून काढावी; उलगडत बसल्यास फांदी मोडते. नको असलेली एखादी फांदी मुळापासून न कापता तिची साल सोलून, सुकवून, तिच्यावर गंधक-चुन्याचे द्रावण कुंचल्याने लावले तर ती कड्यावरच्या झाडासारखी पांढरी पडते. द्रावण मातीत गळू देऊ नये, आणि मुळांपासून पालवीपर्यंत जाणारा जिवंत सालीचा पट्टा तुटू देऊ नये. एका दिवशी छाटणी, तार आणि कुंडीबदल ही तिन्ही कामे करणे म्हणजे झाडावर तीन आजार एकदम घालणे होय.

पांढुर्ण्यात खरी कसोटी मार्चच्या अखेरीपासून पावसापर्यंत असते. या काळात झाडाला सकाळचे ऊन द्यावे आणि दुपारी जाळीची किंवा कडुनिंबाची सावली. तापलेल्या स्लॅबवर कुंडी ठेवू नये, लाकडी फळीवर ठेवावी. कोरड्या उष्णतेत लाल कोळी वाढतो. पांढरा कागद खाली धरून फांदी झटकावी, हलणारे ठिपके दिसले तर पालवी जोराच्या पाण्याने धुवावी. आणि आठवड्यातून एकदा शेंडे पाहावेत. ते फिकट, ताज्या हिरव्या रंगाचे असतील तर झाड वाढत आहे. वाढ थांबून पालवी राखाडी, निस्तेज आणि ठिसूळ झाली, तर रंग बदलण्याची वाट न पाहता सावली, निचरा आणि ओल या तिन्ही गोष्टी लगेच तपासाव्यात.

इतकी निगा ज्याला शक्य नाही, त्याने निराश होण्याचे कारण नाही. जुन्या भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ, उंबर किंवा वड अलगद काढून कुंडीत लावावा. ही झाडे या उन्हातच वाढलेली असल्याने चुका पोटात घालतात आणि छाटलेल्या जागीही फुटतात. त्यांच्यावर हात बसला म्हणजे ज्युनिपर आणावा.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात जपानमधून आलेले एक पांढरे पाइन आहे. त्याची जोपासना १६२५ पासून चालू आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा स्फोटापासून सुमारे ३ किलोमीटरवर, यामाकी कुटुंबाच्या आवारात भिंतीच्या आडोशाला असलेले हे झाड वाचले. १९७६ मध्ये या कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिले आणि त्यामागची हकीकत तेथील लोकांना २००१ मध्ये यामाकींचे नातू ते झाड पाहायला गेले तेव्हा कळली. भिंतीने त्याला त्या एका दिवशी वाचवले. बाकीची सारी वर्षे कोणीतरी रोज मातीला बोट लावून पाहत होते, म्हणून ते आज उभे आहे.