बोरकर : एक आडनाव, पाच वाटा

आरमोरी परिसरातल्या शाळांचे हजेरीपट चाळले, की मेश्राम, भोयर, राऊत, ठाकरे, मडावी यांच्या रांगेत बोरकर हे नाव अधूनमधून भेटते. भंडारा-गोंदियापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत पसरलेल्या झाडीपट्टीत बोरकर कुठल्या एका समाजाचे नाहीत. शेतकरी, मजूर, मास्तर, नाटकवाले अशा सगळ्यांत ते आहेत. हेच आडनाव पार गोव्यातही तितकेच घरचे आहे. नात्यागोत्याचा धागा शोधू गेले तर हाती काही लागत नाही. बोरी, बोरगाव, बोरखेडी अशी गावे महाराष्ट्रात आणि गोव्यात जागोजागी आहेत, आणि गावाला ‘कर’ जोडून आडनाव घेण्याची रीतही सगळीकडची. त्यामुळे बोरकर ठिकठिकाणी स्वतंत्रपणे उगवले.

तरीही या आडनावाची पाच मोठी माणसे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, असे मला बरेच दिवस वाटत होते. एक कवी, एक संवादिनीवादक, एक बोलीचा अभ्यासक, एक गणिती आणि एक संगणक-अभियंता. जगाने ज्याला दुय्यम मानले, तेच या पाचही जणांनी आपल्या कामाच्या मधोमध ठेवले. झाडीपट्टीला ही गोष्ट आज समजून घेण्याची फार गरज आहे, म्हणून हा आढावा.

बाकीबाब : दोन भाषांचा धनी

बाळकृष्ण भगवंत बोरकर, म्हणजेच बाकीबाब, यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९१० रोजी कुडचडे येथे झाला. मूळ गाव जुवारीकाठचे बोरी, फोंडा तालुक्यातले, नवदुर्गेचे. शिक्षण पोर्तुगीज अमलातले, कविता मात्र मराठी. ‘प्रतिभा’ हा पहिला संग्रह १९३० चा, म्हणजे विशीतला. पुढे ‘जीवनसंगीत’, ‘दूधसागर’, ‘आनंदभैरवी’, ‘चित्रवीणा’ असे संग्रह आले आणि नादमधुर मराठी कवितेत त्यांचे स्थान पक्के झाले. १९४६ मध्ये राममनोहर लोहियांनी मडगावात सत्याग्रहाची ठिणगी टाकली, तेव्हा हा शिक्षक-कवी त्या चळवळीत उतरला. नंतर पुण्यात आणि पणजीत आकाशवाणीवर त्यांनी नोकरी केली. १९६७ मध्ये पद्मश्री मिळाली. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यांच्या कवितांचे जाहीर वाचन करून ती कविता कितीतरी घरांत पोचवली.

मराठीत एवढा मान असताना बाकीबाब कोकणीतही लिहीत राहिले, आणि तेही तितक्याच जीव ओतून. ज्या काळात कोकणीला अनेक जण मराठीची एक बोली म्हणून बाजूला सारत, त्या काळात. १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना ‘सासाय’ या कोकणी संग्रहासाठी मिळाला. ८ जुलै १९८४ रोजी ते गेले. त्यानंतर १९८७ मध्ये कोकणी गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आली. भाषेचा दर्जा सरकारदरबारी ठरण्याआधी तो कवितेत ठरलेला असावा लागतो. कोकणीच्या बाबतीत ते काम करणाऱ्यांत बाकीबाब अग्रभागी होते.

तुळशीदास : साथीचा स्वर

त्याच बोरी गावात १८ नोव्हेंबर १९३४ रोजी तुळशीदास बोरकर जन्मले. संवादिनीचे मोठे वादक मधुकर पेडणेकर, म्हणजेच पी. मधुकर, हे त्यांचे गुरू. छोटा गंधर्वांसारख्या गायकाला त्यांनी साथ केली, नाट्यसंगीत जपले, शिष्य घडवले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१६ मध्ये पद्मश्री असे मान त्यांना मिळाले. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

संवादिनीला, म्हणजे पेटीला, किती अवहेलना सोसावी लागली, हे लक्षात घेतले तर या माणसाची तपश्चर्या नीट कळते. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या, दोन स्वरांमधली मींड तिच्यातून निघत नाही आणि आपल्या श्रुती तिच्यात बसत नाहीत, असा आक्षेप होता. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला दरवाजा बंद केला आणि तो किलकिला व्हायला सुमारे तीस वर्षे लागली. तुळशीदासांची पिढी याच काळात शिकली. आक्षेपाला उत्तर द्यायचे ते वाजवूनच. डाव्या हाताने भाता असा हलवायचा की स्वराचा श्वास तुटू नये. उजव्या हाताची बोटे पट्टीवरून अशी सरकवायची की दोन स्वरांमधली फट कानाला जाणवू नये. गायकाची जागा अर्ध्या श्वासाच्या अंतराने उचलायची, पुढे जायचे नाही आणि मागेही रेंगाळायचे नाही.

झाडीपट्टीच्या रसिकाला हे समजावून सांगावे लागत नाही. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू झाले की होळीपर्यंत आमच्या गावोगावी रात्रभर नाटके चालतात. वडसा हे या कंपन्यांचे मोठे ठाणे आणि आरमोरी त्याच्या शेजारी. आमच्या रंगमंचावर गाणे आजही समोर बसलेल्या वादकांच्या साथीने होते. नट गाता गाता पट्टी सोडून गेला तर त्याला अलगद परत आणणारा पेटीवालाच असतो. पोस्टरवर मात्र त्याचे नाव शेवटी, बारीक अक्षरांत.

हरिश्चंद्र : आपल्या घरची बोली

तिसरे बोरकर आमच्याच मातीतले. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला उभे आयुष्य दिले. बोलीचे व्याकरण, तिचा शब्दसंग्रह, लोकगीते आणि ‘दंडार’ हे आमचे लोकनाट्य, अशा सगळ्या अंगांनी त्यांनी लिहिले. झाडीबोली साहित्य मंडळाच्या आणि बोलीतल्या साहित्य संमेलनांच्या रूपाने त्यांनी चळवळ उभी केली. शहरातला मांडव सोडून ही संमेलने खेड्यात भरू लागली, आणि आजवर फक्त ऐकणारी माणसे व्यासपीठावर चढून आपल्या बोलीत कविता म्हणू लागली.

त्यांच्या कामाचे मोल एका साध्या उदाहरणातून दिसते. प्रमाण मराठीतला ‘डोळा’ वऱ्हाडात ‘डोया’ होतो, आमच्याकडे ‘डोरा’. ‘ण’ आमच्या तोंडी येत नाही. पाणी आमचे ‘पानी’, लोणी आमचे ‘लोनी’. शाळेत या उच्चारांवर मुलांना हसले जाते. अशुद्ध म्हणून वहीत लाल रेघ येते. बोलीच्या अभ्यासकाने दाखवले की ‘ळ’चा ‘र’ होणे ही चूक नाही. तो नियम आहे, आणि झाडीपट्टीभर तो पाळला जातो. वऱ्हाडीचा नियम वेगळा, आपला वेगळा. वैनगंगेच्या खोऱ्यातली बोली सरसकट वऱ्हाडीत कोंबली जात होती. ती वेगळी आहे, हे ठामपणे मांडणाऱ्यांत हरिश्चंद्र बोरकर पुढे होते. लाल रेघेची लाज ज्याने एका पिढीच्या मनातून कमी केली, त्याचे ऋण पुरस्कारांच्या यादीत मावत नाही.

विवेक : चुकांतून शिकण्याचे गणित

चौथे बोरकर मुंबईचे. विवेक बोरकर यांचा जन्म १९५४ चा. १९७६ मध्ये आयआयटी मुंबईतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी, १९८० मध्ये प्रवीण वरैया यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेत बर्कली येथून पीएच.डी. परतल्यावर टाटा मूलभूत संशोधन संस्था, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी मुंबई या ठिकाणी त्यांनी संशोधन केले. १९९२ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना अभियांत्रिकी विज्ञानासाठी मिळाला. २००६ मध्ये माद्रिदला भरलेल्या गणितज्ञांच्या जागतिक परिषदेत ते निमंत्रित वक्ते होते.

त्यांचा विषय यदृच्छेचा, म्हणजे अनिश्चिततेत निर्णय घेण्याचा. धानाच्या बांधीत पाणी किती ठेवायचे, हे आमचा शेतकरी कुठल्या सूत्राने ठरवत नाही. पाऊस लहरी, उतार असमान. तो धुऱ्याचे तोंड थोडे उघडतो, पाहतो, थोडे बुजवतो, पुन्हा पाहतो. रोजचे पाहणे चुकू शकते, पण दर वेळी बदल लहान ठेवला तर चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि पाणी हवे तिथे येऊन ठरते. या रीतीचे गणित १९५१ मध्ये रॉबिन्स आणि मन्रो या दोघांनी मांडले. ही रीत केव्हा स्थिरावते, केव्हा भरकटते, आणि एकाच वेळी दोन वेगांनी शिकणारी यंत्रणा कशी वागते, हे उकलण्यात विवेक बोरकरांचा वाटा फार मोठा आहे. शॉन मेन यांच्यासोबत २००० मध्ये त्यांनी दिलेले प्रमेय ‘बोरकर-मेन’ या नावानेच ओळखले जाते. आज यंत्रे अनुभवातून शिकतात असे आपण ऐकतो, त्या विद्येच्या पायात हे गणित आहे. मोजणीतला गोंगाट, जो इतरांना गाळून टाकावासा वाटतो, तोच त्यांनी अभ्यासाचा विषय केला.

शेखर : उष्णतेचा हिशेब

पाचवे शेखर बोरकर. मुंबई विद्यापीठातून भौतिकशास्त्र आणि अमेरिकेतल्या नोत्रदाम विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकी शिकून १९८१ मध्ये ते इंटेल कंपनीत गेले आणि तिथल्या संशोधकांच्या वरच्या श्रेणीपर्यंत, इंटेल फेलोपर्यंत, पोचले.

त्या काळी सगळी शर्यत वेगाची होती. संगणकाची चिप दरसाल आणखी वेगवान व्हायची, आणि त्यासोबत किती वीज जळते, किती उष्णता निघते हा प्रश्न मागच्या बाकावर बसायचा. शेखर बोरकरांनी १९९९ च्या आपल्या लेखात तोच प्रश्न पुढे आणला. ट्रान्झिस्टर लहान होत जातील, पण वीज आणि तिची गळती हीच खरी अडचण ठरेल, हा त्यांच्या मांडणीचा रोख होता. पुढच्या काही वर्षांत तसेच घडले. चिपमधल्या एकाच गाभ्याला (कोअरला) पळवण्याऐवजी अनेक गाभे बेताच्या वेगाने एकत्र चालवावेत, ही वाट उद्योगाने धरली. २००७ मध्ये इंटेलने ८० गाभ्यांची एक प्रायोगिक चिप दाखवली. तिच्या संशोधन-चमूत शेखर बोरकर होते. सेकंदाला एक लाख कोटी गणिते ती चिप साधारण ६२ वॅट विजेत करत होती. त्याच्या अवघ्या दहा वर्षांपूर्वी तेवढ्याच गणितांसाठी सुमारे दहा हजार प्रोसेसरांचा महासंगणक लागे, आणि त्याला वीज लागे पाचशे किलोवॅट.

आरमोरीने यातून काय घ्यावे

बोली, साथ, गोंगाट, उष्णता. यातल्या कशालाही कुणी मखरात बसवले नव्हते. या पाच जणांनी तिकडे टक लावून पाहिले आणि आपापले क्षेत्र पुढे नेले. ही दृष्टी आडनावातून येत नाही. ती कुणालाही कमावता येते, आणि हे मी आमच्या मुलांना सांगू इच्छितो, मग ती बोरकर असोत, मेश्राम असोत की मडावी.

आता या पाच वाटा एकमेकींना भेटू लागल्या आहेत. मराठी ऐकून लिहिणारी, मराठीत उत्तर देणारी यंत्रे विवेक बोरकरांच्या विषयातल्या गणितावर आणि शेखर बोरकरांनी सुचवलेल्या धर्तीच्या चिपांवर चालतात. पण यंत्र शिकते ते त्याला दिलेल्या मजकुरावर. ज्या बोलीचा मजकूर नाही, ती त्याला ऐकूच येत नाही. म्हणून हरिश्चंद्र बोरकरांनी सुरू केलेले शब्द वेचण्याचे काम थांबता कामा नये. ऐनाच्या झाडावर कोसा पाळणाऱ्या ढिवर कुटुंबांचे शब्द, धानाच्या जातींची नावे, मोहफुलांच्या हंगामातली बोलणी, दंडारीतली गाणी आणि त्यांना साथ करणाऱ्या पेटीवाल्यांचे वादन, हे सगळे आज ध्वनिमुद्रित होऊ शकते. त्यासाठी खिशातला मोबाइल पुरेसा आहे.

आमच्या महाविद्यालयांनी दर वर्षी मराठीच्या विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून द्यावे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी त्याची नीट वर्गवारी करून साठवण करावी. नाटक कंपन्यांनी आपल्या वादकांची नावे पोस्टरवर ठळक छापावीत. शिक्षकांनी ‘डोरा’ म्हणणाऱ्या मुलाच्या वहीत लाल रेघ मारण्याआधी त्याला तो नियम समजावून सांगावा आणि प्रमाण रूप त्याच्या शेजारी लिहून द्यावे. यातले एकही काम खर्चाचे नाही. कोकणीला कवितेपासून संविधानापर्यंत पोचायला अनेक दशके लागली. झाडीबोलीने निदान पहिली नोंद आपल्या हाताने करावी, आणि ती याच हंगामात, मंडईच्या गर्दीतच सुरू व्हावी.