अमेरिकेची सरकारी शाळा कुणी उभारली?

अमेरिकेच्या राज्यघटनेत ‘शिक्षण’ हा शब्द एकदाही येत नाही. आपल्याकडे २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्यामुळे तिकडेही वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी आराखडा आखला असेल आणि मग देशभर शाळा निघाल्या असतील, असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात १७९१ च्या दहाव्या घटनादुरुस्तीने, केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे किंवा लोकांकडे राहिले, आणि शिक्षण त्यातच आले. राज्यांनी ते बहुतांशी गावांवर सोपवले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सव्वा लाखाहून अधिक स्कूल डिस्ट्रिक्ट होते. शाळा चालवायची, शिक्षक नेमायचे आणि त्यासाठी घरपट्टी वसूल करायची, हे काम त्यांचे. या व्यवस्थेविषयीचे बहुतेक गैरसमज निघतात ते तिला एकच कर्ता होता असे मानल्यामुळे.

सर्वांत पसरलेला समज असा, की कारखान्यांना आज्ञाधारक मजूर हवे होते म्हणून होरेस मॅन यांनी प्रशिया या जर्मन राज्यातून शाळेचा साचा आणला. पण मॅन मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे सचिव झाले १८३७ साली. त्याच मॅसॅच्युसेट्सने, वसाहत असताना, १६४७ मध्येच कायदा केला होता, की पन्नास घरांच्या गावाने लिहावाचायला शिकवणारा शिक्षक नेमलाच पाहिजे. हेतू होता मुलांना बायबल वाचता यावे हा. तेव्हा कारखाने कुठे होते? १७८५ च्या जमीनविषयक कायद्याने पश्चिमेकडच्या प्रत्येक टाउनशिपचे ३६ भाग पाडले आणि सोळावा भाग शाळेसाठी राखून ठेवला. मॅन १८४३ मध्ये प्रशियाला गेले आणि तिथल्या शिक्षकांनी भारावून परतले, हे खरे. इयत्तावार वर्ग आणि शिक्षक-प्रशिक्षण यांवर प्रशियाची छाप आहे, हेही मान्य करायला हवे. पण मॅन यांच्या हाती हुकूम काढण्याचा अधिकार नव्हता. माहिती गोळा करायची, अहवाल लिहायचा, गावोगाव फिरून लोकांचे मन वळवायचे, एवढेच. त्यांच्या प्रशियावरच्या अहवालाविरुद्ध बॉस्टनच्या ३१ शिक्षकांनी पुस्तिकाच छापली. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मॅसॅच्युसेट्सने १८५२ मध्ये केला, मिसिसिपीने १९१८ मध्ये. एका साच्यातून निघालेल्या व्यवस्थेत ६६ वर्षांचे अंतर पडत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही देशात दोन लाखांच्या आसपास एकशिक्षकी शाळा होत्या: एक खोली, मध्ये शेगडी, सहा वर्षांच्या पोरापासून मिसरूड फुटलेल्यापर्यंत सगळे एकत्र, आणि एकेकाने बाईंपुढे येऊन धडा म्हणायचा. याला कारखाना म्हणता येत नाही. उन्हाळ्याची लांब सुट्टी शेतीसाठी पडली, हाही असाच समज. शेतीची घाई असते वसंतातल्या पेरणीला आणि शरदातल्या कापणीला. खेड्यातल्या शाळा म्हणूनच हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात भरत.

दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना शाळा उत्तरेच्या दात्यांनी दिली, ही समजूत मला सर्वांत अन्यायकारक वाटते. साउथ कॅरोलिनात गुलामांना लिहायला शिकवणे १७४० पासून गुन्हा होता. १८६८ मध्ये तिथे नवी राज्यघटना लिहायला जी सभा बसली तिच्यात कृष्णवर्णीयांचे बहुमत होते, आणि तिने सर्वांना खुल्या, मोफत शाळांची तरतूद केली. दक्षिणेतल्या गोऱ्या गरिबांच्या मुलांनाही सार्वजनिक शाळा खऱ्या अर्थाने मिळाली ती या काळात. पुढे १९१२ ते १९३२ या काळात उत्तरेतले उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या मदतीने कृष्णवर्णीयांसाठी सुमारे पाच हजार शाळा बांधल्या गेल्या. नाव रोझेनवाल्ड यांचे झाले. पण त्यांच्या निधीपेक्षा थोडी जास्तच रक्कम कृष्णवर्णीय कुटुंबांनी वर्गणीतून उभी केली, तीही कर भरून झाल्यावर.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या ब्राउन निकालाने वर्णभेदी शाळा संपल्या, असे पाठ्यपुस्तके सांगतात. पण व्हर्जिनियातली प्रिन्स एडवर्ड काउंटी पाहा. ब्राउन निकालात जे पाच खटले एकत्र आले होते, त्यांतला एक इथलाच. १९५९ मध्ये कोर्टाच्या आदेशानुसार मुले एकत्र बसवण्याची वेळ आली, तेव्हा काउंटीने शाळांसाठी कर लावायलाच नकार दिला. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, आणि कृष्णवर्णीय मुलांना १९६४ पर्यंत सार्वजनिक शाळाच उरली नाही. मग केंद्रानेच शाळा चालवायला हव्या होत्या का, असा प्रश्न येतो. लिटल रॉकमध्ये १९५७ साली नऊ कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पोचवायला केंद्राचे सैन्य लागले, तेव्हा त्या प्रश्नात वजन आहे. पण १८७९ पासून केंद्र स्वतः चालवत असलेल्या कार्लाइलच्या निवासी शाळेत मूलनिवासी मुलांचे केस कापले जात आणि त्यांना मातृभाषा बोलू दिली जात नसे. चालक बदलला म्हणजे न्याय येतोच असे नाही.

पैशाची गोष्ट मात्र चालकाइतकी गुंतागुंतीची नाही. १९६७-६८ मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनियो शहरात एजवूड या बहुतांशी मेक्सिकन-अमेरिकन वस्तीने दर शंभर डॉलर मालमत्तेमागे १.०५ डॉलर कर भरला. त्यातून प्रत्येक मुलामागे २६ डॉलर जमले. त्याच शहरातल्या श्रीमंत अलामो हाइट्सने फक्त ०.८५ डॉलर दराने कर भरला आणि प्रत्येक मुलामागे ३३३ डॉलर जमवले. एजवूडचे पालक कोर्टात गेले. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला: शिक्षण हा संघराज्याच्या घटनेतला मूलभूत हक्क नाही. ब्राउन खटला वकील म्हणून लढलेले थर्गुड मार्शल आता न्यायमूर्ती होते. त्यांनी विरोधी मत नोंदवले. अखेर १९८९ मध्ये एजवूडला न्याय मिळाला तो टेक्सासच्याच न्यायालयात, टेक्सासच्या राज्यघटनेच्या आधारावर.