लॉ कॉलेजातले सर

वकिली करणाऱ्याला लॉ कॉलेजात शिकवायची मुभा आहे, पण दिवसाला तीन तासांपर्यंतच. १९७९ च्या नियमांनी तसं ठरवून दिलं. पूर्णवेळ पगारी प्राध्यापक झालात तर मात्र सनद बाजूला ठेवायची, कोर्टात उभं राहायचं नाही. डॉक्टर घडवणारा प्राध्यापक वॉर्डात रुग्ण तपासतो; कायद्याच्या प्राध्यापकाला मात्र आपण शिकवतो ते करून पाहण्याची सोय नाही. त्यामुळे घरच्या लग्नकार्यात त्याला ठरलेला प्रश्न येतो: ‘प्रॅक्टिस का नाही केलीत?’ प्रश्नात थोडी कीवही असते.

पूर्वी ही कीव नव्हती, कारण ‘फक्त शिकवणारा’ असा माणूसच जवळपास नव्हता. मुंबईचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज १८५५ चं, म्हणजे मुंबई विद्यापीठापेक्षा दोन वर्षांनी आणि हायकोर्टापेक्षा सात वर्षांनी मोठं. तिथे शिकवायला यायचे ते हायकोर्टातले वकील आणि बॅरिस्टर. तासही कोर्टाची वेळ सांभाळून. याच कॉलेजात दिनशा मुल्ला शिकवत. त्यांची हिंदू कायद्यावरची आणि दिवाणी प्रक्रिया संहितेवरची पुस्तकं नव्या संपादकांच्या हातून अजून निघतात, आणि ग्रंथाला नुसतं ‘मुल्ला’ म्हटलं तरी वकिलांना पुरतं. पां. वा. काणे १९१७ ते १९२३ इथे प्राध्यापक होते. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’चा पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा; वकिली करून उरलेल्या वेळात लिहिलेला हा ग्रंथ साडेसहा हजार पानांच्या पुढे जातो. उरलेला वेळ म्हणजे नेमका किती, हे मला कधीच उमगलेलं नाही.

याच कॉलेजात बाबासाहेब आंबेडकर १९३५ च्या जूनमध्ये प्राचार्य झाले. त्याआधी काही वर्षं ते इथे शिकवतही होते. प्राचार्यपदाचा हा काळ त्यांच्या चरित्रांत बहुधा दोन ओळींत आटोपतो, आणि हे मला खटकतं. कारण तारखा लावून पाहा: ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा करणारा माणूस त्या वेळी सरकारी कॉलेजचा प्राचार्य होता. पुढच्याच वर्षी जातिनिर्मूलनावरचं न झालेलं लाहोरचं भाषण पुस्तकरूपाने आलं, स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. त्याच १९३६ च्या जानेवारीत कॉलेजच्या नियतकालिकात त्यांचा एक लेख आला होता. विषय, मुंबई इलाख्यातल्या कायदेशिक्षणाची सुधारणा. एवढ्या धामधुमीत अभ्यासक्रमाचा विचार करायला फुरसत काढणारा हा प्राचार्य नुसता सहीपुरता नव्हता, इतकं तरी त्यातून दिसतं.

पुण्यात इंडियन लॉ सोसायटीने १९२४ साली लॉ कॉलेज काढलं. पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे, तेही वकील आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक. पुढे इथेच प्राचार्य झालेले सत्यरंजन साठे वेगळ्या पिढीचे. अध्यापन हाच त्यांचा व्यवसाय. प्रशासकीय कायद्यावरचं त्यांचं पुस्तक विद्यार्थ्यांच्या हाती असे, आणि २००२ साली न्यायालयीन सक्रियतेवर त्यांनी सर्वोच्च न्यायालयाची कामगिरी तपासणारा ग्रंथ लिहिला.

असं तपासायला मोकळा माणूस लागतो. ज्या न्यायाधीशापुढे उद्या अशिलासाठी उभं राहायचंय, त्याचा निकाल चुकला असं आज छापून आणायला वकील दहा वेळा विचार करतो. प्राध्यापकाला उद्याची तारीख नसते. मथुरा प्रकरणात हे दिसलं. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, तेव्हा संमती असावी, असा त्या निकालाचा रोख. वर्षभराने कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: दिल्लीचे उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धगमवार. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हा त्यांचा मुद्दा. पत्र ज्यांना गेलं ते सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड स्वतः पुण्याच्या लॉ कॉलेजचे विद्यार्थी, आणि तरुणपणी मुंबईच्या लॉ कॉलेजात अर्धवेळ प्राध्यापक! निकाल फिरला नाही. पण महिला संघटना रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, कडक शिक्षा आली. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं स्त्रीने कोर्टात सांगितलं, तर कोर्टाने ते गृहीत धरायचं, अशी तरतूद पुरावा कायद्यात आली. चार शिक्षकांच्या पत्राने सुरू झालेलं प्रकरण आज त्याच विषयाच्या तासाला शिकवलं जातं.

सगळ्यांच्या वाट्याला असं काही येत नाही. बहुतेकांचं आयुष्य एलएल.एम., मग नेट किंवा सेट, आणि मग जागा निघण्याची वाट पाहणं. तोवर ‘तासिका तत्त्वावर’ शिकवायचं: जितके तास तितके पैसे, सुट्टीत काहीच नाही. समोर काहीजण न्यायाधीशाच्या परीक्षेची तयारी करणारे, काहीजण नोकरी सांभाळून आलेले, आणि काहीजण हजेरीपुरते. त्यातच १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांच्या जागी ३५८. खुनाचं ३०२ आता १०३, फसवणुकीचं ४२० आता ३१८. वीस-वीस वर्षं घासून तयार केलेल्या टिपणवह्या एका रात्रीत जुन्या झाल्या. तरी त्या फेकताही येत नाहीत, कारण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कलमांखाली चालणार. म्हणून फळ्यावर दोन्ही आकडे लिहायचे.

राज्यघटनेने या मंडळींसाठी एक दार ठेवलं होतं. अनुच्छेद १२४ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश व्हायला उच्च न्यायालयातला न्यायाधीश किंवा दहा वर्षांचा वकील असावं लागतं. किंवा राष्ट्रपतींच्या मते नामवंत विधिज्ञ. उच्च न्यायालयांसाठीही असा पर्याय बेचाळिसाव्या दुरुस्तीने घातला आणि चव्वेचाळिसाव्याने काढला. सर्वोच्च न्यायालयाचा मात्र अजून शाबूत आहे. घटनेच्या तासाला हा भाग आला की एखादा विद्यार्थी विचारतोच, ‘सर, या वर्गातून आजवर कोण झालं?’ सर म्हणतात, कोणीच नाही. मग रद्द ठरलेली १२४-क वगैरे ओलांडून ते १२५ कडे वळतात. ते न्यायाधीशांच्या पगाराचं आहे.