व्यंगचित्रकाराची रेषा आणि गुन्ह्याचा पुरावा

व्यंगचित्रकाराचे सामर्थ्य अल्प रेषांत असते. नाक किंचित लांबवले, भुवई उंचावली, की वाचक माणूस ओळखतो. उरलेला चेहरा त्याची दृष्टी आपण होऊन भरून काढते. हीच दृष्टी घेऊन व्यंगचित्रकार खऱ्या गुन्ह्याच्या शोधास लागला तर काय घडते, हे रॉबर्ट ग्रेस्मिथ यांच्या ग्रंथांवरून कळते.

ते 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल' या दैनिकाचे राजकीय व्यंगचित्रकार होते. १९६९ च्या उन्हाळ्यात या दैनिकासह तीन वृत्तपत्रांकडे एका खुन्याची पत्रे आली. सोबत सांकेतिक लिपीचे तीन तुकडे होते. चिन्हे एकूण ४०८. पुढे तो स्वतःस 'झोडियॅक' म्हणवू लागला. १९६८-६९ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात त्याने पाच जणांचे प्राण घेतले, असे मानतात. ती लिपी उलगडली सॅलिनास येथील एका शाळाशिक्षकाने व त्याच्या पत्नीने. (आमच्या व्यवसायबंधूंस हे वाचून संतोष व्हावा!) असा अहंमन्य लेखक 'मी'नेच आरंभ करील आणि ठार मारण्याचा शब्द वारंवार योजील, हा त्या बाईंचा तर्क. त्या इंग्रजी शब्दात एकच अक्षर लागोपाठ दोनदा येते. तोच धागा हाती लागला.

तपास निरनिराळ्या पोलीस ठाण्यांत विखुरलेला होता. ग्रेस्मिथांनी वर्षानुवर्षे खपून ती सामग्री १९८६ च्या 'झोडियॅक' या ग्रंथात एकत्र आणली. त्यांचे खरे कार्य आमच्या मते हेच. परंतु एका संशयिताचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे ठसला. प्रथम टोपणनावाने आणि त्याच्या मृत्यूनंतर, २००२ च्या ग्रंथात, खऱ्या नावाने त्यांनी त्यास रंगविले. त्या इसमाचे बोटांचे ठसे जुळले नव्हते, हस्ताक्षर जुळले नव्हते, त्याच्यावर खटलाही झाला नव्हता. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेत अखेरच्या पानावर अपराधी सापडलाच पाहिजे. घडलेल्या गुन्ह्याची हकीकत लिहिणाऱ्यास ते पान कोरे ठेवण्याचे धैर्य लागते. आणि मृताला अब्रूनुकसानीची फिर्याद करता येत नाही.

खुन्याने नोव्हेंबर १९६९ मध्ये ३४० चिन्हांची दुसरी लिपी धाडली होती. तिचाही उलगडा ग्रेस्मिथांनी पहिल्या ग्रंथात छापला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया व बेल्जियम येथील तीन हौशी अभ्यासकांनी संगणकाच्या साह्याने ती वाचली आणि अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्याने त्यास दुजोरा दिला. ग्रेस्मिथांचे वाचन अगदीच निराळे ठरले. त्या मजकुरात नाव कोणाचेच नव्हते.