पाताळगंगेचं नियोजन कालच्या पावसावर नको

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जणांचा पत्ताच लागला नाही. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं. यादी करताना पूर्वी कुठे काय घडलं, याला मोठं वजन मिळतं. पाऊस मात्र आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

इर्शाळवाडीपासून फार लांब नसलेलं पनवेल तालुक्यातलं आपटा हे पाताळगंगेकाठचं गाव. उन्हाळ्यातही या नदीला पाणी असतं, कारण त्यातलं बरंचसं घाटमाथ्यावरून येतं. लोणावळा, वळवण, शिरवता इथल्या तलावांतलं, एरवी पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात गेलं असतं असं पाणी १९१५ पासून टाटांच्या खोपोली वीजकेंद्रात उतरतं आणि जनित्रं फिरवून नदीत मिसळतं. खालचे कारखाने आणि नळयोजना त्यावर जगतात. म्हणजे आपट्याच्या उन्हाळ्याचं भवितव्य लोणावळ्याच्या पावसावर आणि मुंबईच्या विजेच्या गरजेवर ठरतं. यातलं एक जरी बदललं, तरी झळ खालपर्यंत पोहोचणार.

पण इथले राखणदार वेगवेगळे आहेत. तलाव वीज कंपनीकडे, नदी जलसंपदा विभागाकडे, शेजारचं कर्नाळ्याचं जंगल वनखात्याकडे, खाडीलगतचे बांध खारभूमी विभागाकडे, विहिरी ग्रामपंचायतीकडे. मुसळधार पाऊस आणि धरमतर खाडीची भरती एकाच वेळी आली, तर पुराला उतरायला वाट कुठली? पावसाळा उशिरा सुरू होऊन उन्हाळा लांबला, तर पाणी आधी कुणाचं तोडायचं? हे प्रश्न कुठल्याही एका खात्याचे नाहीत, म्हणून ते कुणाच्याच टेबलावर येत नाहीत.

राज्याने टेरी संस्थेच्या मदतीने हवामानबदलाशी जुळवून घेण्याचा (अनुकूलनाचा) आराखडा २०१४ मध्येच केला. मात्र राज्याचा आराखडा नदीच्या पात्रापर्यंत आपोआप उतरत नाही. पुढचा पाऊस नेमका किती, हे कुणीच सांगू शकत नाही. त्या आकड्याची वाट पाहत बसण्याचं कारणही नाही. तलाव अमुक पातळीखाली गेला, की काय थांबवायचं, नदी अमुक खुणेवर चढली, की कुठली वाडी हलवायची, वणव्याचा हंगाम लांबला, तर जाळरेषा कधी काढायच्या, हे आजच लिहून ठेवता येतं आणि दर पावसाळ्यानंतर तपासून बदलता येतं. कुठला ओहोळ आधी फुगतो, कुठली विहीर आधी आटते, हे कातकरी आणि ठाकूर वाड्यांतल्या माणसांना ठाऊक असतं. त्यांना बैठकीत मागच्या रांगेत नव्हे, नकाशा काढणाऱ्यांच्या शेजारी बसवायला हवं.

रायगडच्या जिल्हा प्रशासनाने येत्या पावसाळ्याआधी लोणावळ्याच्या तलावांपासून धरमतरपर्यंतच्या सगळ्या राखणदारांची एकत्र बैठक बोलवावी, आणि ती आपट्यासारख्या नदीकाठच्या गावातच घ्यावी.