जिल्हा उद्योग केंद्राचे महाव्यवस्थापक नेमके काय करतात?

कारखाना काढायचा म्हटले की जमीन एमआयडीसीकडे, कर्ज बँकेकडे, वीजजोडणी महावितरणकडे आणि संमतिपत्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागावे लागते. यांतले काहीही जिल्हा उद्योग केंद्राच्या महाव्यवस्थापकांच्या हातात नसते. तरीही जिल्ह्यातल्या उद्योगांबद्दल सरकारचा जाणकार कोण, असे विचारले तर बोट त्यांच्याकडेच जाते. त्यांच्या हातात मुख्यतः शिफारस असते, आणि तिचे वजन जिल्ह्याची नस त्यांना किती कळते यावर ठरते.

हे पद आले कुठून

डिसेंबर १९७७ मध्ये जनता सरकारने नवे औद्योगिक धोरण जाहीर केले. उद्योगमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस. लघुउद्योजकाला सगळी मदत जिल्ह्याच्या ठिकाणी एकाच छताखाली मिळावी, हा त्यातला एक विचार होता. १ मे १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रांचा कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात या खात्याच्या शिरोभागी विकास आयुक्त (उद्योग), विभागात सहसंचालक आणि जिल्ह्यात महाव्यवस्थापक अशी उतरंड आहे. त्यांच्या हाताखालचे उद्योग निरीक्षक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात आणि त्यांत अभियांत्रिकी किंवा विज्ञान शिकलेल्यांचा भरणा असतो.

‘एक छत’ मात्र कधी पुरते उभे राहिले नाही. ते राहिले असते, तर तेच आश्वासन घेऊन ‘मैत्री’ कक्ष काढण्याची आणि पुढे २०२३ मध्ये त्यासाठी कायदा करण्याची वेळ राज्यावर आली नसती.

प्रस्ताव वाचणे

या कार्यालयातली सर्वाधिक गर्दी कर्ज-अनुदानाच्या योजनांसाठी असते. २००८ पासूनचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि २०१९ पासूनचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम या त्यांतल्या दोन मोठ्या योजना. केंद्र सरकारच्या योजनेत उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प करता येतो. अर्जदाराचा प्रवर्ग आणि शहरी-ग्रामीण भाग पाहून १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते. ही रक्कम लगेच हातात पडत नाही. ती तीन वर्षे बँकेत अडकून राहते आणि उद्योग खरोखर चालू आहे याची पडताळणी झाल्यावरच कर्जखात्यात वळती होते.

प्रकल्प अहवाल बहुतेकदा ठरावीक साच्यातून निघालेले असतात. पहिल्या वर्षी अमुक टक्के क्षमता, दुसऱ्या वर्षी त्याहून जास्त, आणि तोटा कुठेच नाही. कोटेशनही यंत्र विकणाऱ्यानेच लिहून दिलेले. मुरलेला अधिकारी त्या आकड्यांवर फार वेळ घालवत नाही. तो विचारतो की शेडपर्यंत थ्री फेज लाइन आली आहे का, कच्चा माल हंगाम संपल्यावर कुठून आणणार, उधारी किती दिवसांची धरली आहे. मिरची कांडपाचा चौथा अर्ज त्याच गावातून आला, तर पहिल्या तिघांचे काय झाले हे त्याला ठाऊक असते. हे ठाऊक नसेल, तर शिफारस म्हणजे नुसता शिक्का.

खरी अडचण उद्दिष्टांची आहे. मार्च जवळ आला की किती प्रकरणे मंजूर झाली याचाच आकडा वर विचारला जातो. मंजूर झालेल्यांपैकी किती जण तीन वर्षांनी शटर उघडे ठेवून आहेत, हा प्रश्न त्या घाईत मागे पडतो. माझ्या मते या पदाचे सर्वांत मोठे नुकसान याच घाईने केले आहे.

सवलतींचा हिशेब

राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून वेगवेगळ्या आवृत्त्यांत चालत आली आहे. उद्योग मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्यातून बाहेर पडावेत, म्हणून तालुक्यांची वर्गवारी केलेली आहे. तालुका जितका मागास, तितकी सवलत जास्त. त्यात वस्तू व सेवा कराचा परतावा, वीज शुल्क आणि मुद्रांक शुल्क यांतली सूट येते. पात्रता तपासणे, गुंतवणुकीचा पडताळा घेणे आणि लघुउद्योगांचे दावे पुढे सरकवणे हे काम जिल्हा पातळीवर चालते. ते किचकट असते आणि त्यात बोलण्यासारखे फारसे काही नसते.

थकलेली बिले

लघुउद्योग बुडण्याचे एक जुने कारण म्हणजे मोठ्या गिऱ्हाइकाने अडवलेले पैसे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यात यावर बऱ्यापैकी दात असलेली तरतूद आहे. करारात काहीही लिहिले तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. ती उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. तक्रार सुलभीकरण परिषदेकडे जाते आणि तिच्या अध्यक्षस्थानी उद्योग खात्याचा वरिष्ठ अधिकारी असतो. परिषद आधी समेट घडवून पाहते, तो झाला नाही तर लवादाचे काम चालते. निवाड्याला आव्हान द्यायचे, तर देणेकऱ्याला आधी ७५ टक्के रक्कम न्यायालयात भरावी लागते.

हा हक्क सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांना आहे, मध्यम उद्योगांना नाही. शिवाय नोंदणी वेळेत केलेली असावी लागते. माल देऊन झाल्यावर नोंदणी केली, तर आधीच्या व्यवहाराला हे संरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे उद्यम नोंदणी हा कागदी सोपस्कार समजून टाळणाऱ्याला ती आधीच करायला लावणे, हीदेखील महाव्यवस्थापकांनी केलेली मोठी मदत ठरते. एवढे असूनही बरेच उद्योजक तक्रार करत नाहीत, कारण पुढची ऑर्डर त्याच गिऱ्हाइकाकडून यायची असते. त्यावर कोणत्याही कलमात उपाय नाही.

समूहाचे गणित

जाणकारीचा खरा कस क्लस्टरमध्ये, म्हणजे एकाच धंद्यातल्या उद्योगांच्या समूहात, लागतो. कोल्हापूरच्या फौंड्र्यांचे उदाहरण घ्या. कास्टिंगसाठी सिलिका वाळू लागते आणि ती शेजारच्या सिंधुदुर्गातल्या कासार्डे परिसरातूनही येते. ओतकाम झाल्यावर उरलेली काळी वाळू टाकायची कुठे, हा प्रश्न प्रत्येक फौंड्रीपुढे होता. ती पुन्हा वापरण्याजोगी करणारे संयंत्र एकट्या छोट्या मालकाला परवडणारे नव्हते. कोल्हापूरच्या उद्योजकांनी क्लस्टर उभारून वाळू पुनर्प्रक्रियेची सामाईक सोय केली.

अशा कामाला सरकारी योजनांतून अनुदान मिळते, पण त्याआधी एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणाऱ्या मालकांना एका कंपनीचे भागधारक व्हायला राजी करावे लागते. कोणाचा शब्द चालतो, कोणाचे कोणाशी जुने वाकडे आहे, हे फायलीत नसते. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या अधिकाऱ्याला ते कळेपर्यंत नवी बदली येते.

बैठक

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समिती भरते. विषयपत्रिका महाव्यवस्थापक तयार करतात. खड्डे, बंद पथदिवे, ग्रामपंचायतीची करआकारणी, ट्रिप होणारे फीडर, कंत्राटदारांची दादागिरी असे विषय तिथे येतात. ज्या खात्याचा प्रश्न, ते खाते कनिष्ठ अभियंत्याला पाठवते, तो ‘वरिष्ठांना कळवतो’ म्हणतो आणि विषय पुढच्या तारखेला जातो. म्हणून अनुभवी महाव्यवस्थापक आठवडाभर आधी अधीक्षक अभियंत्यांना स्वतः फोन करतात आणि तक्रारदार उद्योजकाला फीडरचा क्रमांक व वीज गेल्याच्या वेळा लेखी आणायला सांगतात.