अंगावरील खाजऱ्या पुळ्या आणि गाजरगवत

पावसाला सुरुवात होऊन महिना-दीड महिना लोटला की परभणी जिल्ह्यात गावाच्या वेशीपाशी, कालव्याच्या भरावावर, शाळेच्या कुंपणालगत आणि पडीक गावठाणात पांढऱ्या बारीक फुलांचे, गाजरासारख्या पानांचे झुडूप कमरेइतके माजते. याच दिवसांत उतारवयाकडे झुकलेले काही शेतकरी चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर उठलेल्या पुळ्या खाजवीत दवाखान्याची पायरी चढतात. ‘रक्त बिघडले’ किंवा ‘उष्णता वाढली’ हे निदान घरीच झालेले असते. मलमाने पुळ्या बसतात आणि काही दिवसांनी पुन्हा उठतात. या पुळ्यांचे मूळ पुष्कळदा वेशीवरच्या त्या झुडपात असते, हे रुग्णाच्या ध्यानी फार उशिरा येते.

हे झुडूप म्हणजेच गाजरगवत. मूळचे अमेरिका खंडातील हे तण १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम ठळकपणे नजरेस आले. आयात गव्हाबरोबर ते आले असा समज रूढ असून ‘काँग्रेस गवत’ हे नावही लोकांच्या तोंडी बसले आहे. त्यानंतर अल्पावधीतच पुण्यातील वैद्यांपुढे एका निराळ्याच त्वचारोगाचे रुग्ण येऊ लागले. डॉ. लोणकर आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी १९७४ साली या रोगावर निबंध प्रसिद्ध केला आणि गाजरगवताचा उपद्रव जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात नोंदला गेला.

या वनस्पतीच्या पानांवरील सूक्ष्म लवेत आणि फुलोऱ्यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वाळलेल्या पानांचा भुगा वाऱ्याबरोबर उडतो व उघड्या त्वचेवर बसतो. प्रत्येकाला त्याची बाधा होत नाही. वर्षानुवर्षांच्या संपर्कानंतर काहींच्या शरीरात त्याविरुद्ध वावडे निर्माण होते आणि एकदा ते निर्माण झाले की बहुधा जन्मभर राहते. शिवाय पुरळ संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी उठते. आज बांधावर गवत उपटावे आणि परवा मान खाजू लागावी, असा हा प्रकार असल्याने संशय गवतावर न जाता कालच्या जेवणातील वांग्यावर जातो!

रोग ओळखण्यास जागा पाहाव्यात. पापण्या, चेहरा, मानेच्या बाजू, कोपराची आतली घडी, गुडघ्यामागची लवण येथे त्याचा जोर असतो. सदऱ्याखाली झाकलेली पाठ आरंभी स्वच्छ असते. उपेक्षा झाल्यास त्वचा जाड, काळपट व सुरकुतलेली होते, काहींच्या हातापायांवर कठीण गाठी येतात आणि पुढे साधे ऊनही सोसत नाही. अशा रुग्णास त्याच कुळातील शेवंती किंवा सूर्यफूल यांचीही बाधा होऊ शकते.

खरजेशी मात्र याची गल्लत करू नये. खरूज हा अतिसूक्ष्म किडीचा संसर्ग होय. तिची खाज रात्री वाढते, पुळ्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर व कमरेभोवती येतात आणि घरातील किंवा वसतिगृहातील अनेकजण एकाच वेळी खाजवू लागतात. तेथे पर्मेथ्रिनसारखे औषध सर्वांनी एकाच दिवशी लावावे लागते व कपडे-अंथरुणे गरम पाण्यात धुवावी लागतात. शिक्षकांना हा भेद ठाऊक असणे फार उपयोगाचे आहे.

गाजरगवताच्या बाधेवर त्वचारोगतज्ज्ञ स्टेरॉइडयुक्त मलमे देतात, तीव्र रोगात पोटात घेण्याची औषधेही देतात. पण तीच मलमे दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने चेहऱ्यावर चोळल्यास त्वचा पातळ पडते व नायटा असल्यास तो फोफावतो. शेतातून परतल्यावर साध्या पाण्याने अंग धुणे, कपडे बदलणे, पूर्ण बाह्यांचा सदरा घालणे आणि नखे कापणे हे उपाय बिनखर्चाचे आहेत. पुळ्या बसल्यावर उरणारे काळे डाग हे बहुधा खरे व्रण नसतात. खाजवणे थांबले आणि ऊन टाळले तर ते काही महिन्यांत फिके होतात. नखांनी खोल ओरबाडून पू झालेल्या जागी मात्र खळगा राहतो. लिंबू, चुना किंवा राख चोळून डाग जात नाहीत, उलट नवी जखम होते.

गवत उभे असेपर्यंत औषधाचा गुण टिकत नाही, म्हणून हा प्रश्न दवाखान्याइतकाच ग्रामपंचायतीचा आहे. एक झाड हजारो बिया टाकते. तेव्हा फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना ते मुळासकट उपटून खड्ड्यात कुजवावे. फुलांवर आलेले उपटल्यास बीच पसरते. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. त्या श्रमदानात शाळकरी मुलांना उघड्या हातांनी गवत उपटायला लावण्याची हौस मात्र आवरली पाहिजे. आजचा तो संपर्क उद्याच्या वावड्याची पेरणी ठरू शकतो. हातमोजे व नाका-तोंडावर रुमाल असलेल्या प्रौढांनीच हे काम करावे आणि ज्यांना बाधा आहे त्यांना त्यातून वगळावे.

रिकाम्या जागी तरोटा वाढू दिल्यास तो गाजरगवताला दडपतो. दुसरा सहायक म्हणजे मेक्सिकन भुंगा. १९८३ साली तो मेक्सिकोतून बंगळूर येथे आणण्यात आला व १९८४ पासून शेताशिवारात सोडण्यात आला. परभणीच्या कृषी विद्यापीठानेही त्याच्या प्रसाराचे काम केले आहे. भुंगे व त्यांच्या अळ्या या गवताची पाने खाऊन फुलोरा रोखतात. ज्या जागी ते सोडले असतील तेथे फवारणी किंवा जाळपोळ करू नये. हिवाळ्यात भुंगे दिसेनासे होतात, ते मेले असे समजून जागा नांगरू नये. ते मातीत निद्रिस्त असतात आणि जूनच्या पावसाबरोबर पुन्हा वर येतात.